दिसण्यांतील ऐक्य व जुळण्यांतील ऐक्य

एक वस्तु दुसरींत नीट बसली म्हणजे त्या दोन्ही एकमेकींशीं जुळल्या, असा आपणां सर्वांचा सहज समज असतो. किल्ली कुलपांत शिरली म्हणजे कुलूप उघडेलच असें नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. परंतु चित्र व आवाज वाहून नेणाऱ्या तारांविषयीं मात्र आपण हा साधा अनुभव विसरतों. संगणकाची तार दूरचित्रवाणी संचाच्या खोबणींत घट्ट बसते, तरी पडदा काळाच राहतो. किंवा चित्र येतें पण आवाज येत नाहीं. किंवा दोन्ही येतात पण चित्र अडखळत चालतें. मग घरांत एकच धांदल उडते. कोणी तार हलवून पाहतो, कोणी यंत्रास दोष देतो, कोणी दुकानदारास बोल लावतो, आणि शेवटीं एक नवी, महागडी तार विकत आणली जाते. पुष्कळदां तिनेंही काम होत नाहीं. शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या दिवशीं प्रक्षेपक लावतांना हाच प्रकार पाहावयास मिळतो. ह्या लहानशा दिसणाऱ्या विषयावर वार्षिक अंकांत लिहिण्याचें कारण असें कीं, त्यांत पालकांचा पैसा, विद्यार्थ्यांचें ज्ञान व कारखानदारांचा प्रामाणिकपणा ह्या तिन्ही गोष्टींचा संबंध येतो. आणि माझें स्पष्ट मत असें आहे कीं, तिसऱ्या गोष्टीच्या उणिवेचें प्रायश्चित्त आज पहिल्या दोहोंस भोगावें लागत आहे.

ह्या विषयाचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं आपल्या प्रांतांतील एक जुनें उदाहरण घेऊं. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, आणि जी. आय्. पी. रेल्वेच्या मुख्य मार्गाच्या रुळांमधील अंतर साडेपांच फूट. कुर्डुवाडीस हे दोन मार्ग एकमेकांस भेटत, पण एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळांवर चालूं शकत नसत. म्हणून तेथें एका डब्यांतील पोतीं उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावीं लागत. आणि पुढें ती लहान गाडी पंढरपूरपर्यंत गेली तेव्हां मोठ्या गाडीनें येणाऱ्या वारकऱ्यांनाही तेथें गांठोडीं घेऊन उतरावें लागे. हा त्रास इतका होता कीं, सर्व देशांत शक्य तेथें एकच रुंद माप असावें असें ठरवून भारतीय रेल्वेनें १९९२ सालीं त्या कामास नेटानें हात घातला. परंतु ह्या त्रासांतही एक सचोटी होती. अडीच फुटांचा रूळ हा साडेपांच फुटांचा आहे असें कोणी म्हणूं शकत नसे. अडचण होती ती डोळ्यांस दिसत होती. हमालास, स्टेशनमास्तरास व वारकऱ्यास ती सारखीच समजत होती.

तारांच्या जगांतही प्रथम असेच अनेक मापांचे रूळ होते. १९८७ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें व्ही.जी.ए. नांवाची पद्धति आणली. तिची पंधरा पिनांची खोबण जुन्या प्रक्षेपकांवर अद्यापि दिसते. तिच्यांतून फक्त चित्र जातें, आणि तेंही कमीअधिक होणाऱ्या विद्युद्दाबाच्या अखंड लहरीच्या रूपानें. आवाजासाठीं निराळी तार घ्यावी लागते. जुन्या डी.व्ही.डी. यंत्रास पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या शेंड्यांची तार असे, ती पालकांस आठवत असेल. पिवळी चित्रासाठीं व उरलेल्या दोन आवाजासाठीं. १९९९ सालीं डी.व्ही.आय्. ही पद्धति निघाली व चित्र अंकांच्या रूपानें जाऊं लागलें. डिसेंबर २००२ मध्यें हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन व तोशिबा ह्या सात कंपन्यांनीं मिळून एच्.डी.एम्.आय्. ची पहिली नियमावलि प्रसिद्ध केली. तेव्हांपासून चित्र व आवाज हीं दोन्ही एकोणीस पिनांच्या एकाच तारेंतून घरोघर जाऊं लागलीं. २००६ सालीं व्हेसा नांवाच्या संस्थेनें डिस्प्लेपोर्ट ही पद्धति पुढें आणली, आणि २०१४ सालीं यू.एस्.बी. टाइप-सी ही उलटसुलट कशीही घालतां येणारी लहान खोबण आली, जिच्यांतून विद्युत्, माहिती व चित्र हीं तिन्ही जाऊं शकतात.

खोबणी कमी झाल्या, तारांचा गुंता सुटला, हा लाभ कांहीं थोडाथोडका नव्हे, आणि तो मान्य न करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु रूळ एकाच रुंदीचे झाले म्हणून सर्व पूल सारखें ओझें पेलतील असें होत नाहीं. येथेंही तसेंच झालें. खोबणीचा आकार कायम राहिला आणि तिच्या पाठीमागील सामर्थ्य मात्र दर कांहीं वर्षांनीं बदलत गेलें. पूर्वीं जो भेद डोळ्यांस दिसत होता, तो आतां सारख्या आकाराच्या आड लपला. आजच्या साऱ्या गोंधळाचें मूळ हेंच आहे.

हें सामर्थ्य म्हणजे काय, तें थोड्या गणितानें पाहूं. सातव्या इयत्तेंतील मुलासही हें गणित अवघड नाहीं. ज्यास आपण 'फोर-के' म्हणतों त्या पडद्यावर आडवे ३,८४० व उभे २,१६० प्रकाशबिंदु असतात. ह्यांचा गुणाकार ८२,९४,४०० होतो. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यासाठीं सामान्यतः २४ बिट लागतात. म्हणजे एका चित्रास १९,९०,६५,६०० बिट झाले. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून सेकंदास अशीं ६० चित्रें पाठवावयाचीं, तर सेकंदाला सुमारें १,१९४ कोटी बिट होतात. पुस्तकाच्या पानास जसा समास सोडलेला असतो, तसा जुन्या कांचेच्या नळीच्या काळापासून चित्राच्या प्रत्येक ओळीस व प्रत्येक पानासही समास सोडण्याची चाल आहे; तो धरला म्हणजे हा आंकडा १,४२५ कोटींच्या वर जातो.

आतां मार्गाचें माप पाहा. २००९ सालच्या एच्.डी.एम्.आय्. १.४ ह्या नियमावलीप्रमाणें तारेंतून सेकंदाला १,०२० कोटी बिट जात. परंतु तारेंतून पाठवितांना दर आठ बिटांचे दहा करून पाठवावे लागतात, म्हणून प्रत्यक्ष चित्राच्या वांट्यास ८१६ कोटीच येतात. १,४२५ कोटींचा माल ८१६ कोटींच्या गाडींत मावणार कसा? म्हणून त्या पद्धतीचीं यंत्रें फोर-के चित्र सेकंदास साठ ऐवजीं तीसच वेळां पाठवितात, आणि संगणकाचा बाण पडद्यावर फिरवितांना तो अडखळत चालल्यासारखा दिसतो. २०१३ सालच्या २.० नियमावलींत ही मर्यादा १,८०० कोटींवर गेली. त्यांतील १,४४० कोटी चित्रास मिळतात, आणि आपले १,४२५ कोटी त्यांत जेमतेम बसतात. २०१७ सालीं २.१ आली, तिची परमावधि ४,८०० कोटी; २०२५ सालीं २.२ आली, तिची ९,६०० कोटी. हा सर्व वाढता भार एकाच आकाराच्या खोबणींतून जातो हें विसरूं नये. ज्याचें चित्र अडखळतें त्याच्या घरीं कांहीं मोडलें आहे असें नव्हे. तेथें फक्त गणित जुळत नाहीं.

तार घेतांना ह्याच गणिताचा उपयोग होतो. एच्.डी.एम्.आय्. ची तार नियमावलीच्या क्रमांकानें ओळखावयाची नसून वर्गानें ओळखावयाची असते. 'हाय स्पीड' वर्गाची तार १,०२० कोटींपर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' १,८०० कोटींपर्यंत, व 'अल्ट्रा हाय स्पीड' ४,८०० कोटींपर्यंत भार वाहण्यास तपासलेली असते. शेवटच्या दोन वर्गांच्या वेष्टनावर फोनच्या कॅमेऱ्यानें पडताळून पाहतां येईल अशी चिठ्ठी असते. ज्याच्या घरचा संच १,९२० गुणिले १,०८० बिंदूंचा आहे, त्यास समास न धरतां सेकंदाला सुमारें २९९ कोटी बिट पुरतात. अशा गृहस्थास सर्वांत महाग तार विकणें म्हणजे एका पोत्याच्या मालासाठीं मालगाडी भाड्यानें घ्यावयास लावणें होय. सोन्याचा मुलामा दिलेल्या शेंड्यांनीं रंग अधिक खुलतात, हाही एक भ्रम आहे. अंकरूप चित्र एक तर जसेंच्या तसें पोंचतें, किंवा त्यांत ठिपके उडतात, तें तुटतें, नाहींसें होतें. तार महाग आहे म्हणून तांबडा रंग अधिक तांबडा होत नाहीं. सोनें गंजत नाहीं एवढाच त्याचा गुण. जुन्या लहरीरूप पद्धतींत चांगल्या तारेनें चित्र थोडें सुधारत असे. त्या वेळची समजूत विक्रेत्यांनीं आजही जतन करून ठेविली आहे.

आतां दोन यंत्रें एकमेकांशीं बोलतात कशीं, हें पाहूं. कारण ह्या भागांत मला फार शिकण्यासारखें वाटतें. तार लावतांच चित्र एकदम धांवत सुटत नाहीं. प्रथम चित्र देणारें यंत्र तारेच्या एका पिनेवर पांच व्होल्टांचा लहानसा दाब देतें. तो पोंचल्यावर पडदा दुसऱ्या एका पिनेवरून "मी आहें" अशी खूण करतो. मग देणारें यंत्र पडद्याजवळची माहिती मागून घेतें. तिला ई.डी.आय्.डी. म्हणतात. १९९४ पासून चालत आलेली ही पद्धति म्हणजे पडद्याचें ओळखपत्रच होय. त्याचा पहिला भाग केवळ १२८ बाइटांचा असतो, व त्यांत पडदा कोणी केला, केव्हां केला, त्याची लांबीरुंदी किती, आणि किती बिंदूंचें व सेकंदास किती वेळां येणारें चित्र त्यास पेलेल, हें लिहिलेलें असतें. हें वाचल्यानंतर देणारें यंत्र पडद्यास झेपेल असेंच चित्र पाठवितें. नवें यंत्र जुन्या पडद्यापुढें आलें तर आपलें सामर्थ्य आंवरून त्या पडद्याच्या भाषेंत बोलतें. खरा विद्वान् लहान मुलाशीं बोलतांना मुलाच्या शब्दांत बोलतो, त्यांतलाच हा प्रकार. दहा वर्षांपूर्वींचा संच नव्या यंत्राशीं आजही जुळतो, तो ह्या सौजन्यामुळेंच. पडद्यानें कांहीं कारणानें ओळखपत्र दिलें नाहीं, किंवा मधल्या एखाद्या जोडणीनें तें नीट पोंचविलें नाहीं, तर मात्र देणारें यंत्र अंदाजानें एखादें लहान माप धरतें, आणि आपण म्हणतों, "चित्र अस्पष्ट कां?" अशा वेळीं दोन्ही यंत्रें बंद करून पुन्हां क्रमानें चालू केल्यास संभाषण नव्यानें होतें व बहुधा काम भागतें.

परंतु ह्या सौजन्याच्या शेजारींच एक पहारेकरीही उभा आहे. पवित्र शास्त्रांतील शास्ते ह्या पुस्तकांत यार्देन नदीच्या उतारावरची कथा आपण वाचली आहे. गिलादी लोकांनीं उतार रोखून धरले होते, व पार जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकास ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी मनुष्यास त्यांतील पहिला उच्चार साधत नसे, आणि तेवढ्यावरून त्यास ओळखलें जाई. एच्.डी.सी.पी. ही व्यवस्था तशीच आहे. इंटेल कंपनीनें ती चित्रपटांची चोरून नक्कल होऊं नये म्हणून तयार केली. चित्र देणारें यंत्र पडद्यास व मध्यें असलेल्या प्रत्येक उपकरणास गुप्त किल्ली विचारतें; मालिकेंतील एकासही योग्य उत्तर देतां आलें नाहीं तर चित्र येतच नाहीं, किंवा हलक्या प्रतीचें येतें. फोर-के चित्रपटांसाठीं सामान्यतः २०१३ सालच्या २.२ ह्या आवृत्तीची मागणी असते. म्हणून नवा संच व नवें यंत्र घेऊनही मध्यें जुनी ध्वनिपेटी असली तर पडदा काळा राहूं शकतो, आणि बिचारा गृहस्थ तारेस दोष देत बसतो. विशेष हें कीं, पहिल्या पिढीच्या किल्ल्यांची जननी अशी जी मूळ किल्ली, ती २०१० सालींच उघडकीस आली. पहारा चोरास फारसा नडला नाहीं. रीतसर पैसे देऊन वस्तु घेणाऱ्या सज्जनासच तो अधिक नडला. लेखकाच्या व कलावंताच्या श्रमांचें रक्षण व्हावें, ह्याविषयीं दुमत नाहीं. परंतु उतारावर पहारा आहे, आणि अमुक उपकरणास तो शब्द उच्चारतां येत नाहीं, हें विकतांनाच सांगितलें पाहिजे. तें बहुधा सांगितलें जात नाहीं.

दिशेचा प्रश्नही असाच दुर्लक्षिला जातो. डिस्प्लेपोर्टच्या कित्येक खोबणी एच्.डी.एम्.आय्. चीही भाषा बोलूं शकतात. त्यांस साधी, स्वस्त जोडणी पुरते. पण उलट बाजूनें, म्हणजे एच्.डी.एम्.आय्. देणाऱ्या यंत्रापासून डिस्प्लेपोर्टच्या पडद्याकडे जावयाचें तर भाषांतर करणारें सजीव उपकरण लागतें, व त्यास बहुधा निराळी वीजही द्यावी लागते. हीच गोष्ट व्ही.जी.ए. ची. आजचा संगणक अंकांत बोलतो व जुना प्रक्षेपक लहरींत ऐकतो. त्या दोहोंमध्यें नुसता शेंडा बदलून चालत नाहीं, दुभाषा लागतो. तो दुभाषाही एकाच दिशेनें बोलतो, एच्.डी.एम्.आय्. पासून व्ही.जी.ए. कडे जाणारें उपकरण उलट लावून चालत नाहीं. सभागृहांतील लांब अंतरासाठीं ज्या प्रकाशतंतूंच्या तारा मिळतात त्यांच्याही दोन टोंकांवर देणाऱ्याची व घेणाऱ्याची खूण असते. ती न पाहतां तार भिंतींत पुरली तर ती उलटी असल्याचें समारंभाच्या दिवशींच कळतें.

यू.एस्.बी. टाइप-सी ह्या खोबणीनें तर हा लपंडाव पूर्णत्वास नेला आहे. युरोपीय संघानें २०२२ सालीं कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांस व तत्सम उपकरणांस ती सक्तीची केली; त्यामुळें भारलेल्या विजेची अडचण मिटली व फेंकून दिल्या जाणाऱ्या तारांची संख्या घटावी अशी आशा उत्पन्न झाली. हें स्तुत्य आहे. परंतु त्या एकाच आकाराच्या खोबणींतून कोणत्या फोनांत चित्र बाहेर येतें व कोणत्यांत येत नाहीं, हें खोबणीकडे पाहून ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. चित्र देणें हा तेथें ऐच्छिक गुण आहे. तारांचेंही तेंच, दिसावयास जुळ्या बहिणी, पण एक चित्र नेते व दुसरी फक्त वीज आणि थोडीशी माहिती नेते. ह्याच घराण्यांत सेकंदाला पांचशें कोटी बिटांच्या एकाच वेगास प्रथम ३.०, मग ३.१ पहिली पिढी, आणि पुढें ३.२ पहिली पिढी अशीं नांवें मिळालीं. वस्तु तीच, बारसें तीनदां. ह्यांत ग्राहकाचें कोणतें हित साधलें, हें मला तरी समजत नाहीं.

एच्.डी.एम्.आय्. कडेही हा दोष आहे. २.१ ह्या नियमावलींतील नवे गुण ऐच्छिक ठेविले आहेत. म्हणजे एखाद्या संचावर २.१ असें ठळक छापलेलें असलें, तरी त्यास ४,८०० कोटींचा भार पेलतो असा त्याचा अर्थ होत नाहीं. त्या गुणांपैकीं कोणते आहेत तें बारीक अक्षरांच्या कोष्टकांत शोधावें लागतें, आणि पुष्कळ वेळां तें कोष्टक पेटीवर नसतेंच. कित्येक संचांच्या चार खोबणींपैकीं एकदोनच पूर्ण सामर्थ्याच्या असतात. आणि त्याही कारखान्यांतून मंद चालीवर ठेवून पाठविलेल्या असतात, त्यांस संचाच्या यादींत जाऊन जागें करावें लागतें.

ह्यावर कारखानदारांच्या बाजूनें एक उत्तर दिलें जातें, आणि तें ऐकून घेणें न्याय्य आहे. ते म्हणतात, सर्व गुण सक्तीचे केले तर स्वस्त संच महाग होईल, व गरिबास तो घेतां येणार नाहीं. ज्यास जें हवें तें त्यानें घ्यावें. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि गुण सक्तीचे करा असा माझा आग्रहही नाहीं. माझा आग्रह इतकाच आहे कीं, जें आहे तें सांगा. आपल्या देशांत बिस्किटांच्या पुड्यावर आंतील माल किती ग्रॅम आहे व जास्तींत जास्त किंमत किती, हें छापण्याची कायद्यानें सक्ति आहे. कोणी हलवाई असें म्हणत नाहीं कीं, वजन छापलें तर पुडा महाग होईल. २००६ पासून विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची योजना सुरू झाली. अक्षरओळख नसलेली बाई देखील आज शीतपेटीवरचे तारे मोजून ती किती वीज खाईल ह्याचा अंदाज करते. मग चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून घेतलेल्या संचाच्या प्रत्येक खोबणीशेजारीं तिची वहनशक्ति, ती सेकंदास किती चित्रें घेईल, आणि कोणत्या पहाऱ्याचा शब्द तिला उच्चारतां येतो, ह्या तीन गोष्टी ठळक अक्षरांत छापण्यास काय हरकत आहे? शाईचा खर्च तो किती! एकाच नांवाखालीं सबळ व दुबळ अशा दोन्ही वस्तु विकणें हें उघड खोटें नसेल. परंतु वजनाचा कांटा झांकून माल तोलणाऱ्या दुकानदारास आपण सचोटीचा म्हणत नाहीं.

हा केवळ श्रीमंतांच्या चैनीचा प्रश्न आहे असें कोणी समजूं नये. ज्या घरीं पैसा आहे, तेथें तार चुकली तर दुसरी येते. खरी झळ लागते ती लहान गांवच्या शाळेस. कोणी उदार गृहस्थ नवा संगणक देतो. शाळेचा प्रक्षेपक व्ही.जी.ए. चा असतो, दोहोंची खोबण जुळत नाहीं, आणि "प्रक्षेपक आतां निकामी झाला" असा निकाल देऊन तो अडगळींत टाकला जातो. त्याची कांच शाबूत असते, दिवा शाबूत असतो; उणीव असते ती मुठींत मावेल एवढ्या दुभाष्याची. त्यानें चित्र मिळतें, व आवाजासाठीं संगणकापासून निराळी तार ध्वनिपेटीस लावतां येते. तेवढें ज्ञान कोणाजवळ नसल्यामुळें वर्गांतील साठ मुलांस वर्षभर नकाशा व प्रयोग पडद्यावर दिसत नाहींत, आणि चांगलें यंत्र कचऱ्यांत जातें. विजेच्या यंत्रांचा कचरा साध्या कचऱ्यासारखा मातींत मिसळून जात नाहीं. त्यांतील शिसें व इतर विषारी द्रव्यें माती व पाणी नासवितात. अज्ञानाची किंमत अशी दोनदां द्यावी लागते.

म्हणून पालकांस माझी विनंति अशी कीं, नवी वस्तु घेण्यापूर्वीं दुकानदारास "हें बसेल कां?" असें न विचारतां "ह्यांतून काय जाईल व किती जाईल?" असें विचारावें, आणि उत्तर पावतीवर लिहून मागावें. तोंडचें आश्वासन लेखणीच्या टोंकाशीं आलें म्हणजे पुष्कळ सौम्य होतें, असा अनुभव आहे. घरीं जें आहे त्याचें सामर्थ्य आधीं पाहावें. मालिकेंतील सर्वांत दुबळा दुवा जेवढें पेलील तेवढेंच शेवटीं पडद्यावर येणार, मग बाकीच्यांवर कितीही द्रव्य खर्च करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस मी निराळें सांगतों. पडदा काळा पडला म्हणजे सर्व तारा एकदम उपटूं नका. प्रथम पडद्यावर योग्य खोबण निवडली आहे कीं नाहीं तें पाहा. अर्धे रोग येथेंच बरे होतात. मग एका वेळीं एकच वस्तु बदला: आधीं तार, मग खोबण, मग यंत्र. दोन वस्तु एकदम बदलल्या व चित्र आलें, तर दोष कोणाचा होता हें तुम्हांस कधींच कळणार नाहीं. मधलें उपकरण काढून देणारें यंत्र व पडदा सरळ जोडून पाहा. चित्राचें माप कमी करून पाहा. लहान चित्र आलें व मोठें आलें नाहीं, तर अडचण वहनशक्तीची आहे असें समजा. प्रयोगशाळेंत तुमचे शिक्षक तुम्हांस हीच रीत शिकवितात. ती वहींत लिहून ठेवण्यापुरती नाहीं. शाळेच्या प्रत्येक तारेस एक चिठ्ठी बांधा व तिच्यावर वर्ग, लांबी आणि दिशा लिहा. हें काम एका शनिवारीं दहा मुलें सहज करतील, आणि पुढील दहा वर्षांच्या संमेलनांस तें उपयोगी पडेल.

कारखानदार प्रामाणिकपणें सर्व छापतील तो सुदिन. पण तो आपोआप उगवणार नाहीं. शीतपेटीवरचे तारे मोजणारीं माणसें पुष्कळ झालीं, तेव्हां दुकानदारही ताऱ्यांविषयीं बोलूं लागले. तसेंच येथेंही होईल. ज्या दिवशीं आपल्या शाळेंतील एखादी मुलगी वडिलांबरोबर दुकानांत उभी राहून "ह्या खोबणीची वहनशक्ति किती, तें पेटीवर कोठें लिहिलें आहे?" असें नम्रपणें पण निश्चयानें विचारील, आणि उत्तर न मिळाल्यास वस्तु परत ठेवून बाहेर पडेल, त्या दिवशीं ह्या सुधारणेस खरा आरंभ होईल. असें विचारणारीं मुलें ह्या शाळेंतून निघोत, एवढीच इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतों.